नानांची पाच बोटं

सपकाळे नाना खोटं सांत्वन करत नसत. पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हणालो, "माझी बायको या पोराच्या पायी गेली."

"आजार काय होता?"

"साखर. मग किडनी."

"मग साखरेनं गेली. पोराच्या माथी कशाला मारतोस?"

मला असा राग आला म्हणून सांगू. कमल जाऊन दोन महिने झाले नव्हते. अशा वेळी माणसाला 'हो रे बाबा' म्हणणारं कोणी लागतं. आणि हा कोण कुठला जांभळ्या बोटांचा म्हातारा माझा हिशेब तपासतोय? उठून जाणार होतो. पण त्या व्हरांड्यात दुसरा बाक नव्हता आणि माझे गुडघे चांगले नाहीत. म्हणून बसून राहिलो. गुडघे चांगले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हा व्हरांडा धुळ्याचा, व्यसन सोडवायच्या केंद्राचा. गुरुवारी आणि रविवारी भेटायला सोडत. मी महाजन, जळगावचा. सदतीस वर्षं डाळमिलमध्ये काम केलं, शाळा चौथीपर्यंत. एकच पोरगा, भूषण. केळीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. सावद्याला माल भरायचा आणि दिल्लीला पोचवायचा. केळी कोणासाठी थांबत नाही. वाटेत पिकली तर माल गेला. म्हणून ड्रायव्हरनं झोपायचं नाही. आधी चहावर भागलं, मग कोणीतरी गोळी दिली, मग ती पांढरी पावडर आली, जिला पोरं एमडी म्हणतात. दोन वर्षांत पोराची काटकी झाली. चार चार दिवस झोपायचा नाही. घरचा चांगला चालू मिक्सर खोलून त्याचे स्क्रू ओळीनं मांडून बसायचा. नळातून शेजारी आपल्याबद्दल बोलतात म्हणायचा. एक दिवस आईवर हात उचलला. मारलं नाही, पण उचलला. त्या दिवशी मी त्याला घराबाहेर काढलं आणि दार लावलं.

कमलनं जाताना एकच मागितलं, त्याला दवाखान्यात न्या. म्हणून नेलं. माझ्या मनात नव्हतं. बीजच किडकं निघालं, असं मी चारचौघांत म्हणायचो. किडका दाणा चाळून फेकायचा असतो, त्याला कोणी औषध करत नाही. डाळमिलमध्ये मी तेच शिकलो होतो.

आता नानांकडे येतो.

नाना डॉक्टर नव्हते. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी तीस-पस्तीस वर्षं एकच काम केलं. माणसाच्या नाहीतर उंदराच्या अंगातला तुकडा कापून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ करायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि रंगवायचा, म्हणजे डॉक्टरला भिंगाखाली आतलं दिसतं. रिटायर झाल्यावरही सकाळी एका खाजगी लॅबमध्ये रंगवायला जात, म्हणून बोटं कायम जांभळी. अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टर मॅडमच्या हाताखाली त्यांनी मेंदूच्या काचपट्ट्या केल्या होत्या, त्याला चांदीचं पाणी लागतं आणि त्यानं कातडं काळं पडतं. "तुम्हा जळगावकरांची बोटं सोनं मोजून पिवळी होतात," म्हणायचे, "माझी चांदीनं काळी झाली. श्रीमंत आपण दोघंही दिसत नाही."

दुपारी दोनला सायकल लावायचे. डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात मऊ धोतराचा तुकडा. त्या तुकड्यानं समोर येईल ती काच पुसायचे. स्वतःचा चष्मा, माझा चष्मा, ऑफिसच्या खिडकीची काच, एकदा तर आलेल्या डॉक्टरच्या गाडीचा आरसा. डब्यात भाजलेले शेंगदाणे. देताना मोजून पाच. सहावा मागितला तर म्हणायचे, "पाच पचले का ते बघ आधी."

केंद्राचा त्यांना पगार नव्हता. आत पेशंटकडे फारसे जातही नसत. व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, जिथे आमच्यासारखे बाप बसतात. मी विचारलं, "नाना, तुम्ही इथे काय करता?"

"आत पोरांजवळ डॉक्टर शे," ते म्हणाले. "बापांजवळ कोणी नाही."

बोलणं असंच. अर्धं धुळ्याचं शहरी, अर्धं अहिराणी, 'आहे'च्या जागी 'शे'. रागावले की शहरी बोलायचे. माया आली की अहिराणी.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी भूषणनं मला भेटायला नकार दिला. आतून निरोप आला, 'आबांना सांगा, येऊ नका.' मी तिथेच बडबडायला लागलो. एवढ्या लांबून एसटीनं येतो, एरंडोल-पारोळ्याचे खड्डे खात, आणि हा माज करतो. पावडर बंद होऊन महिना झाला, आता कसला माज?

नानांनी माझ्यासमोर हात धरला. पाचही बोटं फाकवलेली, आणि ती हळूहळू हलवत होते, आंधळा चाचपतो तशी.

"हे काय शे?"

"हात."

"हात नाही. तुझ्या डोक्यातला राखणदार. असे लाखांनी असतात, तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या डोक्यात. डॉक्टर त्याला मायक्रोग्लिया म्हणतात." ते नाव मला तीन महिने नीट म्हणता आलं नाही. "हा दिवसभर बोटं फिरवत बसतो. कुठे जंतू आला का, कुठे कचरा साचला का, कोणता धागा कामाचा, कोणता जुना झाला. कचरा खातो, जुना धागा छाटतो. गुपचूप काम. आता ती पावडर येते. राखणदाराला वाटतं घराला आग लागली."

बोटं मिटली. मूठ झाली.

"सगळ्या फांद्या आत घेतो आणि गोळा होतो. मग अंगातून जे सोडतो ते चोराला कमी आणि घराला जास्त लागतं. चांगले धागे पण तोडतो. पावडर रोज, म्हणजे मूठ रोज. आणि पावडर बंद केली तरी मूठ दुसऱ्या दिवशी उघडत नाही. म्हणून तुझा पोरगा झोपत नाही, चिडतो, त्याला जेवण गोड लागत नाही, बाप गोड लागत नाही. फक्त तेच आठवतं."

मला पटलं ते माझ्या पद्धतीनं. आमच्या मिलमध्ये पट्ट्यावर डाळ निवडायला बाया बसत. खडा दिसला की उचलायचा, एवढंच काम. एकदा मालक एकीला खड्यावरून चारचौघांत फाडफाड बोलला. त्यानंतर ती अशी धास्तावली की खडा दिसो न दिसो, मूठमूठ चांगली डाळ फेकायला लागली. मालक बोलून निघून गेला होता. तिचा हात चारसहा दिवस थांबला नाही.

हे मी नानांना सांगितलं. ते खूश झाले. "बस. हेच. मॅडमला हे सांगायला वीस पानं लागली होती."

"मग पोराचा गुन्हा काहीच नाही?"

"शे ना. पहिली चिमूट त्यानंच घेतली, कोणी तोंडात कोंबली नव्हती. पण आज जे चाललंय ते नुसत्या माजाचं नाही. आणि बिजाचं तर अजिबात नाही. ते बीज-बीज बंद कर."

शेवटचं वाक्य त्यांनी शहरी मराठीत म्हटलं. पण त्या दिवशी एसटीत बसल्यावर किती महिन्यांनी माझ्या छातीवरचं काहीतरी थोडं सरकलं. बीज नाही म्हणजे कमलचंही नाही, माझंही नाही.

तरी मी हट्टी माणूस. पुढच्या भेटीत म्हटलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? डोळ्यानं बघितलं का?"

झालं. रविवारी नाना सायकलच्या कॅरिअरला दुर्बीण बांधून घेऊन आले. काचपट्टी बघायची, भिंगाची, जुनी, भंगारातून घेऊन स्वतः दुरुस्त केलेली. तिला खाली आरसा होता. व्हरांड्यात ऊन येतं तिथे स्टूल ठेवलं, आरसा फिरवून ऊन आत घातलं आणि कागदात गुंडाळलेल्या दोन काचपट्ट्या काढल्या. रिटायर होताना मॅडमनी दिलेल्या. एक साध्या उंदराची आणि एक असल्याच कुठल्या तरी औषधावर ठेवलेल्या उंदराची.

"बघ."

मी डोळा लावला. बराच वेळ उजेडच दिसला. मग एक जाड, वाकडी, काळी रेघ. मी घाबरलो. "नाना, दिसली! ही काळी रेघ. हीच का ती एमडी?"

नानांनी वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ती तुनी पापनी शे, भो."

बाकावर तीन बाप बसले होते. तिघं हसले. शिरपूरकडचा एक गृहस्थ पोराला भरती केल्यापासून आठ दिवस तोंड उघडत नव्हता, तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. नानांनी त्याला लगेच पाच शेंगदाणे दिले.

मग मला नीट दिसलं. पहिल्या पट्टीवर बारीक बारीक झाडं, बाभळीच्या काटक्यांसारखी. एकमेकांना धक्का न लावता पसरलेली. दुसऱ्या पट्टीवर झाडं नव्हती. हरभरे पडले होते. काळे, फुगलेले हरभरे.

"हे उंदराचं शे," नाना म्हणाले. "जिवंत माणसाच्या डोक्यात काचपट्टी घालता येत नाही. तुझ्या पोराचं असंच असेल हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. शिकलेले लोक अजून भांडतात. कोणी म्हणतं हे राखणदारच रोग वाढवतात, कोणी म्हणतं तेच आवरायला पण बघतात. मी रंगवणारा. मला एवढंच माहीत, की झाडाचा हरभरा होतो."

"हरभऱ्याचं परत झाड होतं का?"

"पुष्कळदा होतं. वेळ लागतो."

"गोळी नाही का त्याला?"

"शोधतात. सापडली की तुला पहिलं कळवतो. तोवर झोप, जेवण आणि पावडर नाही. रंग चढू दे, महाजन."

'रंग चढू दे' हे त्यांचं रोजचं. काचपट्टी रंगात घातली की मिनिटं मोजावी लागतात. आधी काढली तर फिकी, घाईत धुतली तर वाया. पारोळ्याची बस चुकली तरी नाना म्हणायचे रंग चढू दे. चहा उकळत असला तरी तेच.

त्यानंतर माझं दर भेटीला एकच विचारणं, "नाना, आज कसं आहे?" आणि ते तोंडानं उत्तर देत नसत. हात दाखवायचे. मूठ. पुढच्या रविवारी मूठ. मग एकदा अंगठा बाहेर आला. मी अंगठ्यावर खूश होऊन जळगावला परतलो. त्यांना काय दिसत होतं देव जाणे. आत जाऊन भूषणचं जेवणाचं ताट बघून यायचे, एवढं मला माहीत आहे. पोळी किती उरली त्यावरून बोटं ठरवत असावेत.

एकदा मी त्यांना कमलची गोष्ट सांगितली. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो. त्या दिवशी रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, धान्य काढतात, गहू आणि चण्याची डाळ. घरात जेवढे पुरुष तेवढ्या मुठी, माणशी सव्वा मूठ, नाव घेऊन. तो रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला त्यातला तुकडा द्यायचा नाही.

भूषणला बाहेर काढलं त्या श्रावणात मी कमलला बजावलं, "यंदा एकच मूठ." तिनं एकच मूठ काढली, माझ्यासमोर. रोट झाले, कानबाईला वाहिले, मी पोटभर खाल्ले. सोमवारी कानबाईला पाण्यात सोडून आलो, पाय धुतले, आणि कमल शांतपणे म्हणाली, "तुम्ही खाल्ला तो रोट भूषणच्या नावाचा होता. तुमच्या नावाची मूठ मी काढलीच नाही."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही यंदा या घरात नव्हते."

हे ऐकून नानांच्या पोटातून हसू उसळलं. चष्मा काढला, पुसला, परत हसले. "अशी बाई लॅबमध्ये पाहिजे होती रे! एक दाणा इकडचा तिकडे नाही आणि काम पक्कं." मग चष्मा चढवून म्हणाले, "तुले भलती हुशार बायको भेटनी व्हती. तू तिना लायक नव्हता."

एवढं खरं मला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या दहाव्याला सगळे मला बिचारा म्हणत होते. मी त्या बाकावर पहिल्यांदा रडलो. नानांनी माझा चष्मा काढून घेतला आणि माझं रडणं संपेपर्यंत पुसत बसले.

चार महिने झाले. तीन बोटं उघडली होती. भूषण आता भेटायचा, बोलायचा, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारायचा. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत घरी सोडू. मी हरखून गेलो. सावद्याला माझा मावसभाऊ आहे, त्याच्या बागेतून चांगली भरलेली, पिवळी धमक केळी आणली. दोन फण्या, सगळ्या वॉर्डाला पुरतील अशा. आपल्याकडे रिकाम्या हातानं कोणाला भेटायला जात नाहीत, आणि केळीइतकी चांगली वस्तू दुसरी कोणती? नाना त्या दिवशी उशिरा येणार होते. मी सरळ आत गेलो आणि पिशवी पोराच्या मांडीवर ठेवली.

भूषणनं पिशवीत बघितलं. वास घेतला. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या कपाळावर घाम फुटला. जबडा हलायला लागला, तसा तो पूर्वी हलायचा. म्हणाला, "आबा, हे बाहेर ठेवा." मला वाटलं लाजतो. मी एक सोलून त्याच्या हातात दिलं.

त्या दुपारी तो भिंतीवरून पळून गेला.

नाना आले, त्यांनी ऐकलं, ती पिशवी बघितली आणि मटकन बाकावर बसले. "अरे महाजन," म्हणाले, "तू पोराला केळी नाही दिली, गाडी आणून दिली. त्या वासात त्यानं दोन वर्षं पावडर घेतली. त्याच्या डोक्याला त्या दोन गोष्टी वेगळ्या माहीतच नाहीत. आणि राखणदार एकदा खवळलेला दुसऱ्यांदा लवकर खवळतो, त्याला निमित्त पुरतं." मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज उतरला. "मीच सांगायला पाहिजे व्हतं. मन्ही चूक शे. माले सुचनं नही."

मी जळगावला आलो आणि मनातून पोराला सोडून दिलं. खरं सांगतो. पाचव्या दिवशी एका ड्रायव्हरचा फोन आला, भूषण मुक्ताईनगरच्या पुढे एका धाब्यावर पडलाय, पावडर घेतलेली आहे, घेऊन जा. मी म्हटलं, राहू दे तिथेच. धुळ्याला फोन करून तेच नानांना सांगितलं, आता माझा संबंध संपला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता माझ्या ओट्यावर टोपी दिसली. नाना कधी धुळं सोडून कुठे जात नसत, एसटीत त्यांना मळमळायचं. खिशात लिंबू घेऊन आले होते. पाणी प्यायले. घरात आले नाहीत, ओट्यावरच बसले. समोर कमलनं लावलेली तुळस वाळून गेली होती, तिच्याकडे बघत म्हणाले,

"माझा धाकटा भाऊ यंत्रमागावर होता. दोन दोन पाळ्या करायचा. जागं राहायला गोळ्या खायचा. मी त्याला तीन वेळा घरी आणलं. चौथ्या वेळेस दार लावलं. मला तेव्हा हे मुठीचं काही माहीत नव्हतं. पुढे काही वर्षांनी मॅडमनी काचपट्टी दाखवली, तेव्हा मी लॅबच्या मोरीवर जाऊन उलटी केली."

"भाऊ?"

"दार लावलं ना. पुढचं विचारू नको." मग उठले. "मुक्ताईनगरची गाडी कधी शे?"

वाटेत ते लिंबू हुंगत बसले आणि मी त्यांच्या शेजारी. धाब्यामागे बाजेवर भूषण बसला होता. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली. मी काय बोलणार होतो ते सगळं पाठ केलं होतं. नाना माझ्या पुढे गेले, त्याच्या बाजेवर टेकले आणि म्हणाले, "जेवना का, भूषण?"

तो नाही म्हणाला.

"मी बी नही जेवनू. गाडीमा पोटनं पानी व्हई गयं. वरण-भात सांग तीन ताटं."

तिघांनी वरण-भात खाल्ला. भूषणला दोन घास गेले, बाकीचा नुसता कालवला. हात धुताना तोच म्हणाला, "नाना, परत घेतील का मला?" नाना म्हणाले, "बाक तुझ्या बापानं अडवून ठेवलाय, जागा शे."

दुसरी खेप लांबली. आठ महिने. बोटं पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर मूठ, मग अंगठा, मग अंगठाही परत आत. मी चिडलो की नाना शेंगदाणे द्यायचे. ह्या वेळेस केळीचं सगळं डॉक्टरांनी लक्षात धरलं. समुपदेशनवाल्या बाई भूषणशी वासावर, रस्त्यावर, गाडीच्या हॉर्नवर बोलायच्या. घरी सोडलं तेव्हा चार बोटं होती. "पाचवं घरी उघडेल," नाना म्हणाले, "ते माझ्याकडून उघडत नाही."

आता भूषण ठिबकच्या नळ्या बसवायच्या कामाला जातो, दिवसाचं काम. गाडीला हात लावत नाही. अकराला झोपतो. तो घोरतो ते मी ऐकत पडतो. एवढं गोड गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही. कधी कधी चिडतो, भांडी आपटतो. मी मनात म्हणतो, मूठ. थोडा वेळ जाऊ देतो.

गेल्या श्रावणात कानबाई आली. कमल गेल्यावर माझी बहीण अक्का येऊन बसवते. कानबाईच्या चौरंगाला केळीचे खांब लागतात. मी ठरवलं होतं, यंदा खांब नकोत, आंब्याच्या टहाळ्यांवर भागवू. अक्काला कारण सांगता येईना, ती माझ्यावर ओरडत होती, "असं कधी व्हयेल शे का? बिगर खांबनी कानबाई?" तेवढ्यात दार वाजलं. भूषण दोन्ही खांद्यांवर दोन खांब घेऊन उभा. पानं जमिनीला लागत होती, चीक शर्टावर गळत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "सावद्याहून आणले, आबा. स्वतः तोडले." चौरंगाला बांधले, हात धुतले, नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "आता नुसता केळीचाच वास येतो."

मी धान्य काढायला बसलो. बाईचं काम, पण मी अक्काला म्हटलं मी काढतो. माझ्या नावाची मूठ, सव्वा. भूषणच्या नावाची, सव्वा. मग तिसरी काढली.

अक्का बघत होती. "घरमा माणसं दोन, मुठी तीन कशा?"

"मला मोजता येतं."

"कोनी शे ती?"

"नामदेव सपकाळे, धुळे."

अक्काचं तोंड उघडं राहिलं. आमचे भाऊबंद नाहीत, आमचे नातेवाईक नाहीत, आमच्या देवाचेसुद्धा नाहीत. नाना बाबासाहेबांना मानणारे, घरात बुद्धाची मूर्ती. अक्का काही बोलणार होती. भूषण म्हणाला, "आत्या, माझ्यातली घे म्हणशील तर माझ्यातली घे. पण ती मूठ राहील." अक्कानं जातं माझ्यापुढे ओढलं.

मंगळवारी आम्ही दोघं रोट घेऊन धुळ्याला गेलो. नाना नाशिकला लेकीकडे निघाले होते, कायमचे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, काचपट्टीवर त्यांना आता झाडही दिसत नव्हतं आणि हरभराही. बसस्टँडवर पत्र्याची पेटी घेऊन बसले होते, खिशात लिंबू. दुर्बीण शेजारी, सुतळीनं बांधलेली.

"ही तुझी," म्हणाले. "गुरुवार-रविवार बाकावर बस आणि दाखव."

"मला काय कळतं, नाना?"

"पापणी कोणती ते तर कळतं ना? नवीन बापाला तेवढंच पुरे."

मी रोटाचा डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि ओळखलं. खानदेशातल्या माणसाला ओळखू येणारच. चेहरा गंभीर झाला. "महाजन, मी तुझी कानबाई मानत नाही, तुला माहीत आहे." शहरी मराठी. "आणि हा बाहेरच्याला देत नाहीत, मला माहीत आहे."

"बाहेरच्याला दिलाच नाही," मी म्हटलं. "तुमच्या नावाची मूठ काढली होती. गहू तुमचाच."

ते भूषणकडे बघायला लागले. भूषणनं नुसती मान हलवली. नानांनी एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला, डोळे मिटून. मग म्हणाले, "डाळ जराशी जाड दळेल शे."

"मी दळली, नाना," मी म्हटलं.

"तरीच."

गाडी लागली. भूषणनं पेटी वर चढवली, त्यांना खिडकीपाशी बसवलं, लिंबू हातात दिलं आणि खाली उतरला. गाडी सुरू झाली तेव्हा नाना आमच्या दिशेनं बघत होते. आम्ही त्यांना कितपत दिसत होतो कोण जाणे. डबा मांडीवर होता, तोंड हलत होतं.

मी सवयीनं ओरडलो, "नाना, आज कसं आहे?"

खिडकीतून हात बाहेर आला. जांभळ्या नखांचा. पाचही बोटं फाकवलेली, आणि ती वाऱ्यावर हळूहळू हलत होती. स्टँडवरच्या लोकांना वाटलं असेल म्हातारा निरोप घेतोय. भूषण माझ्या शेजारी उभा होता. त्यानं आपला हात वर केला, तसाच, बोटं पसरून, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत खाली घेतला नाही.